डावऱ्यांना न शिकवणारे नाना

बडगुजर नानांना स्नूकरमध्ये गुलाबी चेंडूचे किती गुण असतात हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. काळ्याचे सात, हेही त्यांना दर वेळी कुणीतरी सांगावं लागायचं. त्यांनी आयुष्यात एकही फ्रेम पुरी खेळलेली नव्हती. आणि तरी आज जळगावात जो कोणी टेबलाशी नीट उभा राहून क्यूची काठी सरळ रेषेत पुढे नेतो, तो बहुतेक नानांच्या हाताखालून गेलेला असतो. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. तिथं रोज दुपारी मी होतो, ते नव्हते.

मी औषध कंपनीचा एमआर. नाव महाजन. सकाळी दहा ते दीड डॉक्टर गाठायचे, मग दवाखाने बंद, ते उघडणार थेट सहाला. या मधल्या चार तासांचं काय करायचं, हा आमच्या जमातीचा सनातन प्रश्न. कुणी गाडीत झोपतं, कुणी चहाच्या टपरीवर मॅनेजरला शिव्या घालत बसतं. माझा स्वतःचा फ्लॅट होता, पण त्या वर्षी मनीषा नाशिकला माहेरी निघून गेली होती आणि वकिलांचे कागद यायला लागले होते. दुपारी त्या घरात जाववत नव्हतं. लोक विचारायचे, "त्रास होत असेल ना?" खरं सांगू? काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर आपलाच गाल आपल्या बोटांना परका लागतो ना, तसं माझं सगळं अंग झालं होतं. डॉक्टरांपुढे गोळ्यांची नावं धडाधडा म्हणायचो, हसायचो, सलाम ठोकायचो. आत कुणी राहतच नव्हतं.

म्हणून मी पारसभाऊच्या तळघरात जायला लागलो. पारसभाऊच्या वडिलांचं वर कापडाचं दुकान, खाली साड्यांचं गोदाम. पारसभाऊनं गोदाम रिकामं करून तिथं स्नूकरची दोन टेबलं टाकली, तेव्हापासून वडील त्या जिन्याची एक पायरी उतरले नाहीत. तळघर थंड होतं आणि तिथं कुणी काही विचारत नव्हतं. मला एवढंच हवं होतं.

नाना तिथं कसे आले, ते पारसभाऊ रंगवून सांगायचा. एका टेबलाच्या पायाचा बोल्ट घासला होता आणि टेबल एका बाजूला कललं होतं. पुण्याहून माणूस यायला पंधरा दिवस लागणार होते. कुणीतरी सुचवलं, आयटीआयचे बडगुजर सर रिटायर होऊन घरी बसलेत, त्यांना विचार. नानांनी तीस-बत्तीस वर्षं फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवलं होतं. ते पिशवीत लोखंड घासायची कानस, काटकोन तपासायचा गुण्या आणि पातळी बघायची पाणसळ घेऊन आले, दोन तासांत बोल्ट बसवला, टेबल समपातळीत आणलं. मग हात पुसता पुसता शेजारच्या टेबलावर खेळणाऱ्या एका पोराकडे बघत उभे राहिले. पोरगं झोकात खेळत होतं. नाना म्हणाले, "ओ भो, तू कानस हलवी ऱ्हायना."

पोरगं म्हणालं, "ही कानस नाही काका, क्यू आहे."

"तेच ते," नाना म्हणाले आणि त्याचा मागचा पाय स्वतःच्या चपलेनं दीड इंच सरकवला. पोरानं फटका मारला. चेंडू गेला. नानांनी चेंडूकडे पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून ते रोज यायला लागले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. कानस सपाट चालवायची तर डावा पाय पुढे, उजवा मागे, वजन दोन्हीकडे, खांदा गप्प, आणि हलायचं फक्त कोपरापासून पुढे. नाही तर घासायचं लोखंड मधे फुगतं, कडा झिजतात, आणि गुण्या लावला की खालून उजेड दिसतो. स्नूकरला तरी आणखी काय लागतं? "कोपर म्हणजे बिजागरी," ते सांगायचे. "दार हलू द्या. चौकट हलली की घर पडतं."

नवा माणूस आला की नाना शर्टाच्या खिशातून खडू काढायचे, त्याला टेबलाशी उभं करायचे आणि पावलांभोवती फरशीवर रेघ मारायचे. मग सात दिवस चेंडू नाही. नुसतं त्या रेघांत उभं राहायचं, वाकायचं, हनुवटी क्यूला लावायची, क्यू मागे-पुढे करायचा. मधेच नाना येऊन खांद्याला एक धक्का द्यायचे. हललात, की उद्याही चेंडू नाही. पारसभाऊ वैतागायचा. "नाना, गिऱ्हाईक पळून जाईल माझं!"

"पळेल कसं? त्याला अजून उभंच राहता येत नाही."

पण कुणाला कष्टवणं मात्र त्यांना आवडायचं नाही, हे मला नंतर कळलं. वर्कशॉपमधे पोराची उंची बघून पायाखाली लाकडी फळी देणारे हेच पहिले सर. दाणा बाजारातले एक शेठ यायचे, पोट हे एवढं. वाकले की पोट आधी टेबलाला टेकायचं आणि मग शेठ. दुसऱ्या कुणी त्यांना पोट कमी करा सांगितलं असतं. नानांनी त्यांचा पुढचा पाय बाहेर घेतला, गुडघा मोडला, मागचा पाय आडवा केला, आणि शेठजी अगदी आरामात वाकले जागच्या जागी. "दुखायला लागलं, म्हणजे काहीतरी चुकतंय," नाना म्हणायचे. "बरोबर उभ्या माणसाला आपण उभे आहोत हे आठवत नाही."

एकदा भुसावळचा एक नामांकित खेळाडू आला. पोरं सगळी गोळा झाली. त्यानं एका दमात सेहेचाळीसचा ब्रेक काढला. टाळ्या झाल्या. नाना कोपऱ्यात बाकावर डबा सोडून बसले होते, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्यांनी विचारलं, "किती झाले?" कुणीतरी सांगितलं, सेहेचाळीस. नाना घास गिळून म्हणाले, "कंबर दुखत असेल बिचाऱ्याची." तो खेळाडू वळून बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "तीन वर्षं झाली काका. पट्टा बांधतो." नानांनी डब्याचं झाकण लावलं आणि खडू काढला.

असा हा माणूस. राग यायचा तोही पायांचाच. "चेंडूकडे काय देखस, पाय देख!" एरवी साहेबी मराठी बोलायचे, वर्गात बोलून बोलून सवय झालेली. चिडले किंवा विरघळले की शिरपूरकडची अहिराणी बाहेर यायची.

एक गोष्ट मात्र त्यांच्यात विचित्र होती. ते डावऱ्यांना शिकवायचे नाहीत.

मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हाचीच गोष्ट. मी रॅकवरून क्यू उचलला. नाना खडू काढता काढता थांबले. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "डावरे आहात?"

मी पाहिलं, तर क्यू माझ्या डाव्या हातात. लहानपणी शाळेत गुरुजींनी छड्या मारून मला उजवा केला होता. लिहितो उजव्यानं, जेवतो उजव्यानं. पण काही नवीन उचलायचं झालं की अजून डावा हातच पुढे जातो.

"डावरे असाल तर मी नाही शिकवत," नाना म्हणाले. "राग मानू नका. मला येत नाही."

मी क्यू उजव्या हातात घेतला. "छे हो, उजवाच आहे. सहज धरला होता." मला कुठं त्यात करिअर करायचं होतं! चार तास निघाले म्हणजे झालं. माझ्या खोटं बोलण्यावर माझा पगार चालतो, एक आणखी बोललो, काय बिघडलं? असं मला वाटलं होतं.

नानांनी माझ्या पावलांभोवती रेघ मारली. आणि मग सुरू झाली आमची दोघांचीही कर्मकथा. बाकीचे लोक पंधरा-वीस दिवसांत तयार व्हायचे. मी मात्र दगड. पाय बरोबर, खांदा बरोबर, हनुवटी बरोबर, आणि ऐन फटक्याच्या वेळी कोपर बाहेर फिरायचं. नाना मागे उभे राहून बघायचे, पुढे बसून बघायचे, माझ्या काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी देऊन बघायचे. "कुठून येतंय हे?" स्वतःशीच म्हणायचे. "बठ्ठं बरोबर शे. मग कोपर का फिरस?" घरी जाऊन विचार करायचे बहुतेक, कारण दुसऱ्या दिवशी काहीतरी नवीन युक्ती घेऊन यायचे. तीस वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही, म्हणायचे. मला ना लाज वाटायची, ना वाईट. उभा राहा म्हटलं की उभा राहायचो. आठ महिने मी त्या भल्या माणसाला बिनकामाचं कोडं घालून ठेवलं होतं आणि मला काही वाटत नव्हतं.

त्यातल्याच सातव्या महिन्यात प्रांजल आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, यावल तालुक्यातल्या केळीवाल्यांची मुलगी, हॉस्टेलला राहणारी. तळघरात मुलगी आलेली पाहून पारसभाऊनं आधी रेडिओ बंद केला. कॉलेजात ती खेळायची, पण अडली होती. वर्षभरात पुण्याला राज्याची निवडचाचणी होती आणि तिला ती द्यायची होती. कुणीतरी तिला नानांचं नाव सांगितलं होतं. तिनं रॅकवरून क्यू घेतला. डाव्या हातात.

नाना म्हणाले, "बेटा, मी डावऱ्यांना शिकवत नाही."

"का सर?"

"मला येत नाही."

मी मनात म्हटलं, पोरी, घे उजव्या हातात आणि मोकळी हो. ती म्हणाली, "मग शिका ना सर. मी थांबते."

आणि खरंच थांबली. रोज तीनला यायची, बाकावर बसायची, नाना दुसऱ्यांना काय सांगतात ते मोबाइलवर टिपून घ्यायची. सहा आठवडे. पारसभाऊ मधे पडला. "नाना, सोपं आहे, सगळं उलटं करायचं. समोर आरसा लावतो मी. तुम्ही उजव्यानं उभे राहा, ती आरशात बघेल."

"आरशात मी उलटा दिसेन," नाना म्हणाले. "पण वजन कुठं पडतं ते माझ्या अंगाला कळायला हवं ना? तिचा खांदा चुकला तर मला कसं कळेल? मी अंदाजानं नाही शिकवणार. एकदा शिकवलंय." आणि डबा उचलून चालते झाले. त्या दिवशी पहिल्यांदा ते चारच्या आत घरी गेले.

प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही विचारा ना त्यांना. माझ्याकडे दुसरं कुणी नाही. पुण्यात राहून शिकायला बाबा पाठवणार नाहीत." मी बरं म्हटलं. नाही म्हणायलाही जोर लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना आणि मी दोघंच होतो, बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी विचारलं. त्यांनी डोळे वर न करता सांगितलं. तेव्हा नाना कुठल्या तालुक्याच्या आयटीआयला होते ते मी सांगत नाही, काय फरक पडतो. भिकन नावाचा पोरगा होता, शिरपूरच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातला. डावरा. वर्कशॉपमधे रांगेनं वाइस, म्हणजे लोखंड धरायचे शिकंजे लावलेले, एक डावरा मधे असला की त्याचं कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागतं. म्हणून नानांनी त्याच्या उजव्या मनगटाला लाल चिंधी बांधली. ज्या हाताला चिंधी, त्या हातात कानशीची मूठ. सहा आठवड्यांत पोरगा उजवा झाला.

"मला केवढा अभिमान, महाजनभाऊ! प्राचार्यांना बोलावून दाखवला मी त्याला. बघा म्हटलं, हात बदलवला."

पुढे भिकन एका कारखान्यात प्रेसवर लागला. जुनं मशीन. पत्रा ठेवायचा डाव्या हातानं, दांडा ओढायचा उजव्यानं. एक दिवस घाईत त्याच्या हातांनी अदलाबदल केली. डावा गेला दांड्यावर, उजवा राहिला आत. दोन बोटं गेली.

"घाईत हात मूळ स्वभावावर जातो," नाना म्हणाले. "तो स्वभाव मी मोडला होता. अर्धाच मोडला होता. दवाखान्यात गेलो मी. दारातून परत आलो. त्याला वीस वर्षं झाली. त्यानंतर एकाही डावऱ्याचा हात मी बदलवला नाही. आला की सांगतो, मला येत नाही. निदान माझ्या हातून पुन्हा तसं नको."

मला लाज वाटली. त्या वर्षात पहिल्यांदाच वाटली, म्हणून लक्षात राहिलंय. गप्प बसता आलं असतं. माझं तोंड उघडलं.

"नाना, मी डावरा आहे."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी खोटं बोललो. मला लहानपणी बदलवलेलं आहे."

मला वाटलं, आता ओरडतील, अहिराणीत शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं. नाना उठले, माझं उजवं कोपर धरलं आणि बोटांनी दाबून पाहायला लागले, डॉक्टर पाहतात तसं. "तरीच," म्हणाले. "तरीच फिरायचं. आठ महिने तुमचा हात मला सांगतोय, आणि मी आपला पाय देखी ऱ्हायनू." मग बाकावर बसले. मी सॉरी म्हटलं. त्यांनी नुसता हात हलवला. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. एवढं जपूनसुद्धा त्यांच्या हातून पुन्हा तेच झालं होतं, आणि ते मी करवलं होतं.

शेवटी म्हणाले, "तुमची गाडी आहे ना? उद्या धुळ्याला जाऊ. भिकनचं तिथं वर्कशॉप आहे. जुना एक पोरगा सांगत होता, डाव्यानं कानस चालवतो आणि सपाट चालवतो. मला बघायचंय तो उभा कसा राहतो."

"मीच उभा राहून दाखवतो की."

"तुम्ही दोन्हीकडून बिघडलेले," नाना म्हणाले. त्यात राग नव्हता, मोजमाप होतं.

दुसऱ्या दिवशी मी चार डॉक्टर बुडवले. नानांनी पारसभाऊच्या दुकानातून शर्टांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा मागून घेतला होता, तो मागच्या सीटवर आडवा टाकला. एरंडोलला चहा घेतला, तो त्यांनी अर्धा ठेवला. धुळ्याच्या अलीकडे एकदाच म्हणाले, "काय म्हणायचं त्याला?" मी म्हटलं, सुचेल. मला स्वतःला बायकोला फोनवर काय म्हणायचं ते वर्षभरात सुचलं नव्हतं.

वर्कशॉप म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पुढे लोखंडी गेटं टेकवून ठेवलेली. आत चाळिशीचा एक काळासावळा माणूस वाइसमधे कडी धरून कानस मारत होता. मूठ डाव्या हातात. पुढचं टोक दाबायला उजवा तळवा, त्याला दोन बोटं नव्हती. नाना आत शिरलेच नाहीत. रस्त्यावर उन्हात उभे राहून त्याचे पाय बघत राहिले. उजवा पुढे, डावा मागे, गुडघा मोडलेला, खांदा गप्प. नाना मला हळूच म्हणाले, "कुणी शिकवलं असेल हो याला?"

इतक्यात भिकननं मान वर केली. "सर? बडगुजर सर ना? सर, तुम्ही आठे?" त्यानं कानस ठेवली, स्टूल पुसलं, पोराला चहाला पिटाळलं, पाया पडला. नानांना पाय मागे घ्यायलाही सुचलं नाही.

"डाव्यानं कधीपासून करतोस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"बोटं गेली तेव्हापासून सर. सहा महिने घरी पडून होतो. मग म्हटलं डाव्यानं बघू. पहिल्याच दिवशी सपाट गेली, गुण्या लावून बघितला मी, उजेड नाही. मन्हा मलेच हसू आलं."

"पहिल्याच दिवशी," नाना म्हणाले.

"हो ना!"

"भिकन, तुझा हात मी बदलवला. त्याच्यामुळे झालं ते."

भिकननं पुसलेलं स्टूल पुन्हा पुसलं. "काय सर तुम्ही! दुसरी पाळी सलग चालू होती माझी. दांडा ओढता ओढता डोळा लागला. त्यात हाताचं काय?"

"खरं सांगतोस?"

"तुमच्याशी खोटं बोलू का आता?"

मी रोज दहा डॉक्टरांशी अर्धं खरं बोलून पोट भरतो. समोरचा कधी खोटं बोलतोय ते मला बरोबर कळतं. भिकनचं मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

नानांनी मला गाडीतला पुठ्ठा आणायला लावला आणि खिशातून खडू काढला. म्हणाले, "एक मुलगी आहे, डावरी. तिला शिकवायचंय. तू जरा उभा राहा, मला तुझे पाय न्यायचेत." भिकनला काय वाटलं असेल देव जाणे. तो निमूट पुठ्ठ्यावर उभा राहिला, डाव्या हातात कानस धरून. नाना गुडघे धरत धरत खाली बसले आणि खडूनं त्याच्या पावलांभोवती रेघ मारायला लागले. मग मधेच उठल्यासारखं करून त्याच्या कमरेला, खांद्याला, गुडघ्याच्या मागे हात लावून बघायचे, वजन कुठं आहे विचारायचे, आणि भिकन सांगायचा, टाचेत सर, नाही, थोडं पुढे. नाना ते पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून घ्यायचे. तासभर हे चाललं. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांना धडे दिले, तो म्हातारा खाली बसून धडा घेत होता.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता प्रांजल त्या पुठ्ठ्यावर उभी राहिली. पुढचा आठवडाभर रोज नाना आधी स्वतः डाव्यानं उभे राहायचे, क्यू मागे-पुढे करायचे, आणि मगच तिला सांगायचे. मलाही तिच्या मागे उभं केलं, पहिल्यापासून, चेंडूशिवाय. मला तिथं तीनच आठवडे मिळाले, मग कंपनीनं नांदेडला फेकलं. प्रांजल पुण्याच्या चाचणीत शेवटच्या आठात गेली आणि तिथं हरली, काळा चुकला म्हणे. नानांनी फोनवर विचारलं, "उभी कशी होतीस?" ती म्हणाली, "बरोबर होते सर." "मग पुढच्या वर्षी." पण पुढचं वर्ष नानांना मिळालं नाही. उन्हाळ्यात गेले. पारसभाऊचा मेसेज आला तेव्हा मी एका दवाखान्याबाहेर रांगेत होतो. वाचला, फोन खिशात ठेवला आणि आत जाऊन खोकल्याच्या औषधाचं सगळं भाषण म्हणून दाखवलं. प्रांजल आता कोच लावून पुण्यात खेळते, वडिलांनी पाठवलं शेवटी. मी अजून डाव्यानं खेळतो. वाईटच खेळतो, पण कोपर फिरत नाही.

धुळ्यातलं एक सांगायचं राहिलं. रेघ मारून झाली, भिकन पुठ्ठ्यावरून उतरला, आणि नानांना उठता येईना. गुडघे आखडले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाइसच्या बाकाची कड चाचपली. मी पुढे होणार तेवढ्यात भिकननं हात पुढे केला. उजवा. नाना त्या हाताकडे बघत राहिले. त्यांचा हात अर्ध्यावर गेला आणि थांबला.

"धरा सर," भिकन म्हणाला. "बिनधास्त धरा. तिथं मला काहीच लागत नाही."

नानांनी तो हात धरला. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. आणि उठलेच नाहीत. भिकननं थोडा वेळ ओढून पाहिलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग तोही त्यांच्याजवळ खाली बसला.